आडव्या रेघेपुढची जागा

कबरीचा दगड, काळा ग्रॅनाइट, अजूनही इतका चकचकीत की समोर उभं राहिलं तर आपलाच चेहरा दिसावा. डावीकडे नवऱ्याचं नाव, खाली जन्माचं वर्ष, आडवी रेघ, मृत्यूचं वर्ष. उजवीकडे बायकोचं नाव, खाली 1868, आडवी रेघ, आणि पुढे काही नाही. या दगडाचा फोटो ज्यांनी मागितला होता त्या बाई या जोडप्याच्या पणती. दूर देशात राहणाऱ्या, वयस्कर, येणं शक्य नसलेल्या. पणजीचं मृत्यूचं वर्ष 1931 आहे हे आपल्याला माहीत आहे, फक्त दगड डोळ्यांनी बघायचा आहे, असं त्यांनी आधीच लिहिलं होतं. मी फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, फार सौम्य भाषेत: उजव्या बाजूचं वर्ष फोटोत उमटलेलं दिसत नाही, उन्हाचा परिणाम असेल, जमलं तर पुन्हा एकदा बघाल का?

पुन्हा गेले. आरसा घेऊन गेले, टॉर्च घेऊन गेले. रेघेच्या पुढच्या जागेवर आडवा उजेड पाडून पाहिला, मग डोळे मिटून बोटांनी चाचपलं. वाळूच्या दगडावरचं अक्षर झिजून जातं, संगमरवरावरचं विरघळतं, पण पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर छिन्नी एकदा फिरली की ती चकाकी तिथे कायमची मोडते. इथे रेघेच्या टोकापासून दगडाच्या कडेपर्यंत चकाकी अखंड होती. म्हणजे वर्ष पुसलं गेलेलं नव्हतं. ते कधी कोरलंच नव्हतं. मी तसं कळवलं. त्यावर त्यांनी मला इंटरनेटवरच्या वंशावळींची चित्रं पाठवली. वेगवेगळ्या लोकांनी बनवलेल्या, वेगवेगळ्या शाखांच्या. प्रत्येकीत त्या बाईंच्या नावापुढे 1931, आणि आधार म्हणून लिहिलेलं: कबरीचा दगड.

दगडावर नसलेलं वर्ष दगडावरून वाचलं कोणी?

हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. जुन्या दफनभूमींत जाऊन दगडांचे फोटो काढायचे, मजकूर उतरवून घ्यायचा, आपल्या कुळाचा माग काढणाऱ्या अनोळखी माणसांना तो मिळेल असा ठेवायचा, हे काम मी मनापासून करते. जगभर असंख्य लोक करतात. ‘फाइंड अ ग्रेव्ह’ हे संकेतस्थळ 1995 मध्ये जिम टिप्टन नावाच्या माणसाने सुरू केलं ते प्रसिद्ध लोकांच्या कबरी बघायचा त्याला नाद होता म्हणून. पुढे साध्यासुध्या माणसांच्या नोंदींनी ते भरून गेलं. कुणीतरी एका टोकाला विनंती टाकतं, दुसऱ्या टोकाला दफनभूमीच्या जवळ राहणारं कुणीतरी ती उचलतं. पैशांचा संबंध नाही, ओळखही नाही. मला त्यातलं हेच आवडतं. जिच्याशी माझं कुठलंच नातं नाही अशा बाईच्या दगडापुढे मी गुडघे टेकून बसते, ओल्या गवताचा वास नाकात, बाहीवर मुंग्या, आणि मला खरोखर जाणून घ्यायचं असतं की तो आकडा 3 आहे की 8.

दगडांवर एवढी भिस्त का, असं विचारणारे भेटतात. कारण कागद जळतात. 30 जून 1922 ला डब्लिनमध्ये यादवीच्या लढाईत सार्वजनिक अभिलेखागार उद्ध्वस्त झालं आणि आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली जनगणना जवळजवळ सगळी राख झाली. अमेरिकेची 1890 ची जनगणना 1921 च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधल्या आगीत सापडली, आणि जे आगीतून वाचलं तेही पुढे नष्ट करण्यात आलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली तीच 1 जुलै 1837 ला. त्याआधीचा सगळा कारभार चर्चच्या वह्यांवर. अशा ठिकाणी एखाद्या मुलाचं अस्तित्व सांगणारी जगातली एकमेव गोष्ट म्हणजे गवतात रुतलेला हातभर दगड असू शकतो. दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत जन्मलं आणि गेलं, असं मूल कुठल्याच गणतीत येत नाही. दगडावर येतं. तेही आईबापांना दगड परवडला असेल तर.

पण दगडही राहतोच असं नाही. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठीच मिळते, साधारण वीस ते तीस. मुदत वाढवून घेतली नाही तर दगड काढून टाकतात आणि जागा दुसऱ्याला देतात. तिथले वंशावळकार म्हणूनच कबरींच्या फोटोंचा मोठा संग्रह चिकाटीने करत आले आहेत. तिथे फोटो हा दगडाचा पुरावा नसतो, काही वर्षांनी तोच दगड असतो. हे समजल्यापासून माझा फोटो काढतानाचा धसमुसळेपणा आपोआप गेला.

आता दगडांविषयी थोडं. मला यात रस आहे, त्यामुळे जरा लांबेल. स्लेट सगळ्यात इमानी. अडीचशे वर्षांपूर्वीचं अक्षरही तीवर काल कोरल्यासारखं धारदार असतं. पण तिचे पापुद्रे सुटतात आणि कधी एखादा अख्खा पापुद्रा नावासकट गळून पडतो. वाळूचा दगड आतून भुसभुशीत होतो. बोटाने हलकेच टकटक केलं आणि पोकळ आवाज आला तर समजायचं की वरचं कवच सुटलेलं आहे, त्याला आता ब्रशसुद्धा लावायचा नाही. संगमरवर दिसायला सुंदर आणि टिकायला सगळ्यात दुबळा. पावसातली आम्लता त्याला खाते, आणि कोळशाच्या धुराने भरलेल्या शहरांत तर तो पार गुळगुळीत होऊन जातो. आर्चिबाल्ड गीकी या भूशास्त्रज्ञाने 1880 मध्ये एडिनबराच्या चर्चआवारांतल्या कबरींवरून दगड किती वेगाने झिजतात याचा अभ्यास मांडला होता. कल्पना साधी आहे. कुठलाही डोंगर आपली तारीख सांगत नाही, कबरीचा दगड सांगतो.

शिशाची अक्षरं बसवलेला संगमरवर हे मी सगळ्यात जवळून न्याहाळलेलं दृश्य. कोरलेल्या खाचेत शिसं ठोकून बसवायचे आणि घासून दगडाच्या पातळीला आणायचे. बसवलं त्या दिवशी बोट फिरवलं असतं तर काही लागलं नसतं. आज नख फिरवलं तर प्रत्येक अक्षराच्या कडेला अडखळतं. अक्षर वर आलेलं नसतं. भोवतालचा दगड तेवढा पावसाबरोबर वाहून गेलेला असतो. जिथे अक्षर गळून पडलं आहे तिथे शिसं धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक भोकं उरतात. त्या भोकांच्या मांडणीवरूनसुद्धा अक्षर ओळखता येतं. एकदा असं एक आडनाव भोकाभोकांनी वाचत गेले आणि शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा त्या रिकाम्या जागेत मी ते मोठ्याने उच्चारलं. किती वर्षांनी तिथे ते नाव कुणी घेतलं असेल, कोण जाणे.

आणि दगडफूल. पिवळी, राखाडी, केशरी चकंदळं. नवखा माणूस आधी ती खरवडायला जातो, आणि माझा जीव कळवळतो. काही दगडफुलं वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. डोंगरातल्या हिमनद्या कधी मागे हटल्या हे दगडफुलांच्या व्यासावरून काढणारे अभ्यासक त्यांच्या वाढीचा वेग ठरवण्यासाठी तारीख कोरलेल्या कबरींकडेच येतात. खरवडलं की दगडाचा थरही त्याबरोबर निघतो. तारेचा ब्रश नको, ब्लीच नको, अक्षरं उठून दिसावीत म्हणून फासतात तो खडू नको, पीठ नको, दाढीचा फेस तर अजिबात नको. फेसातली रसायनं दगडाच्या छिद्रांत शिरून बसतात. दगड धड असेल आणि परवानगी असेल तर स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. बाकी सगळं उजेडाने करायचं.

उजेडाची गंमत अशी, की समोरून पडलेलं भरपूर ऊन अक्षर मारतं. दगडाला चाटून जाणारं ऊन अक्षर जिवंत करतं. पूर्वेकडे तोंड असलेला दगड कोवळ्या उन्हात सपाट दिसतो, आणि दुपारकडे सूर्य त्याच्या कडेवर आला की काही मिनिटांसाठी सगळा मजकूर सावलीच्या रेघांनी उठून येतो. वाट बघावी लागते. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड करून उभ्या दगडावर वर्षातले कित्येक महिने ऊन येतच नाही, तिथे आरसा लागतो. लांब उभा आरसा चार-पाच पावलांवर धरायचा, ऊन पकडायचं आणि दगडाच्या कडेवरून तिरपं सोडायचं. हात थरथरला की ओळही थरथरते. हळूहळू कोन बदलत गेलं की आधी जन्मतारीख दिसते, मग गाव, मग सगळ्यात खाली गवताआड लपलेली बायबलमधली ओळ. आता संगणकावर वेगवेगळ्या कोनांतून उजेड टाकलेले अनेक फोटो एकत्र करून हेच करता येतं, आणि पार झिजलेल्या दगडांवर ते फार उपयोगी पडतं. तरी मला आरसा सोडवत नाही.

वाचता आलं म्हणजे खरं असतं असं मात्र नाही. दगड मृत्यूनंतर लागतो, कधी कधी पुष्कळ वर्षांनी, मुलांनी पैसे जमवल्यावर. मृत्यूची तारीख सांगणारा माणूस त्या वेळी तिथे असतो, पण जन्माची तारीख सांगणारा जन्माच्या वेळी क्वचितच असतो. पाथरवटाच्या हातून अक्षर चुकतं आणि दगड महाग असल्यामुळे ते तसंच राहतं. काही दगडांवर जन्मतारीख नसते, फक्त वय असतं: 34 वर्षं, 2 महिने, 5 दिवस. त्यावरून उलटं मोजत जन्मदिवस काढावा लागतो, आणि महिना तीस दिवसांचा धरला की एकतीस यावर उत्तर बदलतं. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींत 1752 मध्ये कॅलेंडर बदललं, 2 सप्टेंबरनंतर थेट 14 उजाडली. त्याआधी इंग्लंडमध्ये आणि वसाहतींत कायद्याने नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. म्हणून जुन्या दगडावर फेब्रुवारी 1731/2 असं दुहेरी वर्ष दिसतं. ते पाहून ‘सोयीसाठी’ एकच वर्ष लिहिणारा नोंदकार पुढच्या दहा संशोधकांना चुकीच्या वाटेला लावतो. इतकंच काय, दगडाखाली माणूस असेलच याचीही खात्री नसते. समुद्रात बुडालेल्या, परमुलुखात पुरलेल्या माणसाचं नाव घरच्या दगडावर आईबापांच्या खाली कोरलेलं असतं.

म्हणून शिस्त एकच: जे दिसतं तेच, जसं दिसतं तसंच लिहायचं. चुकलेलं स्पेलिंग चुकलेलंच. वाचता येत नाही तिथे ‘वाचता येत नाही’. स्वतःचा तर्क हवा तर वेगळ्या ओळीत, तो तर्क आहे असं सांगून.

हे सांगायला सोपं आणि पाळायला फार अवघड आहे, कारण समोरचा माणूस वाट बघत असतो. त्याला रिकामी जागा पाठवणं हाताला रुचत नाही. 1931 हे वर्ष मला वाटतं असंच आलं असावं. कुणीतरी ते घरच्या बोलण्यातून ऐकलं असेल, किंवा त्याच नावाच्या दुसऱ्या एखाद्या बाईच्या मृत्यूच्या बातमीत वाचलं असेल. दगडाच्या नोंदीत नवऱ्याच्या तारखा पक्क्या होत्या, बायकोच्या नावापुढचा एक रकाना रिकामा होता, आणि रिकामा रकाना भरण्याइतका सोपा परोपकार दुसरा नाही. पुढच्याने ते उचललं आणि आधार म्हणून दगड लिहिला, कारण बाकी सगळं दगडावरचंच होतं. त्याच्या पुढच्याने त्याच्याकडून. कुणीही खोटं बोललं नाही. प्रत्येकाला वाटलं आपल्या आधीच्याने पाहिलं आहे.

दफनभूमीची जुनी वही बघायला मिळाली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. त्या जागेत एकच दफन झालेलं आहे, नवऱ्याचं. नवरा गेला तेव्हा बाईंनी दोघांचा दगड करवून घेतला, शेजारी आपली जागा राखली, आपलं नाव कोरवून घेतलं, जन्माचं वर्ष कोरवून घेतलं, रेघसुद्धा ओढून घेतली. आणि मग त्या तिथे आल्या नाहीत. पुन्हा लग्न केलं असेल आणि दुसऱ्या नवऱ्याशेजारी, दुसऱ्या आडनावाखाली असतील. मुलीकडे दूर गेल्या असतील आणि तिथेच मातीत गेल्या असतील. की खर्चाला कुणी उभं राहिलं नसेल? स्वतःचं नाव दगडावर बघून घरी परतलेली ती बाई मला फार वेळा दिसते. पाथरवटाला तिने रेघ ओढायला सांगितली की त्याने रिवाज म्हणून ओढली, एवढं जरी कळलं असतं तरी मला पुरलं असतं.

पणतीबाईंना मी वहीतल्या पानाचाही फोटो पाठवला. त्यांनी आभार मानले. त्या पत्रात मला जरा हिरमोड दिसला, जरा धास्ती, आणि शेवटच्या ओळींत कामाची भाषा: आता 1931 सोडून देते, जनगणनेत विधवा म्हणून शोधते, लग्नांच्या नोंदी बघते. ज्या वर्षाभोवती त्यांनी पणजीची गोष्ट घरात सांगितली होती ते वर्ष मी काढून घेतलं होतं आणि बदल्यात काही दिलं नव्हतं. याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन, यात मला शंका नाही.

अनोळखी माणसाला कबरीचा फोटो पाठवण्याचं हे काम इंटरनेटहून कितीतरी जुनं आहे. पहिल्या महायुद्धात फेबियन वेअर नावाचा माणूस, सैन्यात घ्यायच्या वयाच्या पलीकडचा, ब्रिटिश रेड क्रॉसचं रुग्णवाहिका पथक घेऊन फ्रान्सला गेला. तिथे त्याला दिसलं की घाईघाईने पुरलेल्या शिपायांच्या कबरी कुठे आहेत याची नोंदच कुणी ठेवत नाहीये. लाकडी क्रूसावर पेन्सिलीने लिहिलेलं नाव पावसात जातं आहे. त्याच्या पथकाने नोंदी घ्यायला सुरुवात केली. घरच्यांची पत्रं येऊ लागली, आणि पथक कबरीचा फोटो आणि ती कुठे आहे हे लिहून पाठवू लागलं. त्यातूनच 1917 मध्ये युद्धकबरींचा आयोग उभा राहिला, जो आज दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे 17 लाख माणसांची स्मृती सांभाळतो. नातेवाइकांना दगडावर स्वतःच्या शब्दांत एक ओळ कोरवून घेता यायची, कमाल मर्यादा 66 अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. आणि ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या दगडावर नावाऐवजी काय लिहावं, तर ‘देवाला ठाऊक’ अशा अर्थाचे शब्द इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंग यांनी सुचवले. त्यांचा स्वतःचा मुलगा फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत हरवलेला होता. त्या आयोगाने लाखो मृतांच्या बाबतीत एक रीत ठेवली: अंदाज हा खात्री म्हणून कोरायचा नाही. शंका असेल तर दगड बिननावाचा राहिला, किंवा नावासोबत ‘बहुधा हेच’ अशा अर्थाचे शब्द आले. जिथे थोडं कळलं तिथे थोडंच लिहिलं, रेजिमेंट कळली तर रेजिमेंट, हुद्दा कळला तर हुद्दा.

मी आता फोटो काढताना दगडाच्या चारही बाजू घेते, पाया घेते, आणि दोन्ही शेजारी घेते. कुटुंबं जवळजवळ पुरली जातात. वेगळ्या आडनावाचा शेजारचा दगड लग्न झालेल्या मुलीचा निघतो, असं पुष्कळदा होतं. रांगेच्या टोकापासून सुरुवात करून एकही दगड न वगळता जाते, कारण आज ज्याला कुणी विचारत नाही त्याला उद्या विचारणारं कुणी असेल. लहान मुलांच्या रांगेत माझा वेग मंदावतो. दगडी कोकरं इतकी झिजलेली असतात की नुसता गोळा उरतो. एकाच दगडावर तीन नावं, तिघांच्या तारखा एका पंधरवड्यातल्या, असंही दिसतं. आजाराचं नाव कुठेच नसतं. तिथे मी प्रत्येक तारीख दोनदा तपासते, आणि रिकाम्या जागेचा वेगळा फोटो घेते. नोंदीत सरळ लिहिते: मृत्यूचं वर्ष कोरलेलं नाही, पृष्ठभाग अखंड. ही ओळ वाचून उद्या कुणी आकडा भरायला थांबेल, एवढी माझी अपेक्षा आहे.

सध्या एक विनंती अडकून पडली आहे. शोधायचा दगड सापडला आहे, बहुतेक तोच, जुन्या नकाशातल्या जागेवरच. पण तो पालथा पडलेला आहे आणि मजकूर मातीकडे आहे. दोन माणसांनी पहार लावली तर उलटेल, असं तिथल्या देखभाल करणाऱ्या काकांचं म्हणणं. मला ते धोक्याचं वाटतं, वाळूचा दगड आहे, मधून तडा गेलेला आहे, आणि तो उलटवायचा अधिकार माझा नाही, त्यांचाही नाही. विश्वस्तांना पत्र टाकलं आहे, सोबत तड्याचे फोटो जोडले आहेत. विनंती करणाऱ्या माणसाला पालथ्या दगडाचा फोटो, लांबीरुंदी आणि जागेचे निर्देशांक पाठवले आहेत, आणि खाली लिहिलं आहे की हा तुमच्याच माणसाचा दगड आहे असं मी आज म्हणू शकत नाही.